पाय लागला, पोटात घाल

मालू जन्मली ती पायांकडून. आधी दोन तळवे बाहेर आले, मग बाकीची मालू. सुईणीने बाहेर येऊन मुलगा की मुलगी ते सांगितलंच नाही. "पायाळू हाय!" एवढंच ओरडली. करंजा बंदराच्या अलीकडच्या एका गावात चौथी मुलगी झाल्याचं दुःख या एका शब्दाने निम्म्यावर आलं. पायाळू माणूस म्हणजे घरचा वैद्य. कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबर धरली, की दुखऱ्याने पालथं पडायचं, पायाळूने दुखऱ्या जागी तीनदा पाय लावायचा, आणि दुखणं पळालंच पाहिजे, अशी आपल्याकडची समजूत. समजुतीला दुसरी बाजूही होती. वीज म्हणे पायाळूच्या शोधात असते. म्हणून आभाळ गडगडलं की आई मालूला भाताच्या कणगीमागे बसवायची आणि ती तिथे बसून शेंगा खायची. वीज काही तिला शोधत आली नाही.

चव्वेचाळीस साली ती लग्न होऊन पनवेलच्या खाडीकाठच्या एका वाडीत आली. मिठागरावर राबणारं घर. सासरा महादेव, नवरा काशीराम आणि चौदा वर्षांचा दीर आनंदा. सासू वारलेली. त्यामुळे आल्या दिवशीच चूल, कोंबड्या आणि तीन पुरुष मालूच्या ताब्यात आले.

चौथ्या महिन्यात मिठाची पाटी उचलताना महादेवची कंबर धरली. माणूस वाकला तो वाकलेलाच राहिला. चार जणांनी घरी आणून पालथा घातला. सून पायाळू, हे साऱ्या वाडीला ठाऊक. पण सुनेने सासऱ्याच्या अंगाला पाय लावायचा? बायकांनी पदर तोंडाला लावले. म्हातारे माना हलवू लागले. शेवटी महादेवच खाली तोंड करून ओरडला, "लाव गो बाय पाय! लाज उद्या वाटून घेऊ."

मालूने डोळे मिटून तीनदा पाय लावला. मग धावत पायथ्याशी गेली, सासऱ्याच्या पावलांवर डोकं टेकलं आणि म्हणाली, "पाय लागला, पोटात घाला."

महादेव दुसऱ्या दिवशी उठला आणि मालूचं नाव झालं. मात्र ते शेवटचं वाक्य तिने कधी सोडलं नाही. म्हातारा असो, पोर असो, पाय लावला की त्याच्या पाया पडायचं आणि म्हणायचं, "पाय लागला, पोटात घाल." लोक हसायचे. आपण होऊन पालथे पडतात, आपण होऊन पाय लाव म्हणतात, आणि ही बया माफी मागते! पण माणसाच्या अंगाला पाय लागणं म्हणजे पाय लागणंच, मग तो औषध म्हणून का असेना, असं तिचं म्हणणं.

आता खरं काय ते सांगायला हवं, कारण त्या काळी ते कुणी सांगितलं नाही. मालू नुसता पाय लावत नव्हती. तळवा मानेखालून कमरेपर्यंत हळूहळू फिरवायची. गाठ कुठे आहे, गरम कुठे लागतं, कुठला स्नायू ताठलाय, हे तिला तळव्याने कळायचं. मणका न् मणका ती पोतीतल्या मण्यांसारखा मोजायची. मग वजन किती टाकायचं ते ठरवायची. वर गरम मिठाच्या पुरचुंडीचा शेक, आणि चार दिवस पाटी उचलायची नाही अशी दमदाटी. दहा वर्षांत शेकडो पाठी तिच्या तळव्याखालून गेल्या, आणि प्रत्येक पाठ तिला काहीतरी शिकवून गेली. पण गुण आला की लोक म्हणायचे, पायाळूच ती. जन्मल्यानंतर तिने मिळवलेलं कुणी धरलंच नाही. दुर्दैव असं, की तिनेही धरलं नाही.

वाडीला हुतूतूचं वेड होतं. भात कापून झालं की शेतात रेघा मारायच्या आणि शिमग्यापर्यंत धूळ उडवायची. काशीराम संघाचा कप्तान. अंगाने आडवा, आवाजाने मोठा, खेळाने बेताचा. खेळ होता आनंदाचा. तो चढाईला गेला की समोरचे सात जण मागे सरकत, आणि तो कुणाला कधी शिवला ते शिवलेल्याला आधी कळे, पंचाला मागून. मालूच्या हातचं खाऊन तो वाढला होता. भाकरी कमी पडली तर ती स्वतःची त्याच्या ताटात टाकायची आणि पोट भरल्याचं सोंग करायची. ते सोंग त्याला कळायचं. तो अर्धी तिच्या ताटात परत टाकायचा. दोघं त्यावर कधी बोलले नाहीत.

सामना संपला की आनंदा अंगणात पालथा पडायचा. "वयनी, पाय लाव."

"माती तरी धू आधी, मेल्या."

"तुझा पाय हाय तवर मला कोन पाडतंय?" असं म्हणून तो हसायचा. ती पाय लावायची, मग त्या पोरसवद्या दिराच्याही पाया पडायची. "पाय लागला, पोटात घाल." तो राजासारखा हात वर करायचा, "घातला!"

चोपन्न सालच्या माघात, महादेव वारल्याच्या दुसऱ्या वर्षी, पनवेलीत तळ्याजवळच्या मैदानावर सामने होते. शेवटचा सामना वाडीचा. सगळी वाडी गाड्या जुंपून आली होती, मालू बायकांत बसली होती. खेळ बरोबरीत चाललेला, थोडा वेळ उरलेला. समोरच्यांच्या चढाईवाल्याला आनंदाने पकडलं. तिघे मदतीला धावले, चौथा वरून आनंदाच्या पाठीवर पडला. सगळे उठले. आनंदा उठला नाही.

पंचांनी दोन मिनिटं दिली. काशीराम ओरडला, "पायालूला बोलवा!" आणि मैदानभर तेच सुरू झालं. पायाळू, पायाळू. मालू धावत आत गेली.

आनंदा पालथाच होता. गाल मातीत. "काय नाय, वयनी," तो म्हणाला. "जरा लचक भरली. लाव पाय."

तिने पाऊल मानेखाली ठेवलं आणि खाली आणत गेली. एक मणका, दुसरा, तिसरा. पाठीच्या मध्याच्या जरा खाली तिचा पाय थांबला. तिथे जे लागलं ते आजवर कुठल्याच पाठीत लागलं नव्हतं. गाठ नव्हती, ताठा नव्हता. पायरी होती. एक मणका आत गेल्यासारखा होता. ही पाठ आपल्या आवाक्यातली नव्हे, हे तळव्याला त्याच घटकेला समजलं.

तिने काशीरामकडे पाहिलं. "लाव ना!" तो म्हणाला. "वेल जातोय." पाचशे माणसं ओरडत होती. खालून आनंदा म्हणत होता, "लाव गो वयनी, दोन गडी बाकी हायत." आणि मालूला वाटलं, आपण कोण समजणाऱ्या? आपण पायाळू. गुण पायात आहे, जन्माचा आहे, तो त्याचं काम करील. शिकलेलं तिने बाजूला ठेवलं आणि जन्माने मिळालेल्यावर भरवसा टाकला. तीनदा पाय लावला, पाया पडली, ते वाक्य म्हणाली.

आनंदा उठला. मैदान दणाणलं. दात आवळून, पण दोन पायांवर उठला आणि लगेच चढाईला गेला. एकाला शिवला, वळला, आणि कोपऱ्यावरच्याने त्याची कंबर धरली. आनंदाने अंग ताणलं, बोटं मधल्या रेघेवर टेकवली. वाडी जिंकली. त्याच्या अंगावर पडलेले गडी उठेपर्यंत लोक टोप्या उडवत होते. आनंदा उठत नाही हे बराच वेळ कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मग चौघांनी हातापायांना धरून त्याला उचलला आणि गाडीत घातला. पाय लोंबत होते. त्याने परत कधी ते हलवले नाहीत.

पनवेलच्या डॉक्टरांनी हात टेकले. ठाण्यापर्यंत एस.टी., पुढे आगगाडी, असा झोळीतून त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेला. तिथे मालू त्याच्याबरोबर चार महिने राहिली. इस्पितळात एक नवीन विभाग निघाला होता. पोलिओची मुलं, लढाईतले शिपाई, गिरणीत हात सापडलेले कामगार, सगळे तिथे. तो विभाग कर्णिकबाईंच्या हाताखाली चाले. पांढरं पातळ, मनगटावर घड्याळ आणि बोलणं सुपारी फोडल्यासारखं. फिजिओथेरपी हा शब्द मालूने पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला. तिला तो म्हणता आला नाही. ती आपली म्हणे, "कर्णिकबाईंचं काम."

ते काम ती मात्र पटापट शिकली. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाच गादीला टेकू द्यायची नाही, पोटरीखाली घडी घालायची. घोटा, गुडघा, खुबा, एकेक सांधा रोज दहादा फिरवायचा, नाहीतर तो आखडतो. रोज सकाळी अर्धा तास पालथं निजवायचं. वरून दोर टांगून हातांच्या जोरावर अंग उचलायला लावायचं. पहिल्या दिवशी मालू सवयीने पाय पुढे करत होती. कर्णिकबाई म्हणाल्या, "हात कशाला दिलेत देवाने? हाताने करा." तीस वर्षांच्या मालूने पहिल्यांदा कुणाच्या दुखण्याला हात लावला, आणि हातालाही तेवढंच कळतं हे तिला दिसलं.

एक दिवस मुलांचे पट्टे बांधून कर्णिकबाई मोकळ्या झाल्या, तेव्हा मालूने विचारलं, "बाई, माझ्या पायानं मोडला का तो?"

कर्णिकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पायरीचंही मालूने त्यांना सांगितलं. जगात त्या एकट्यांनाच.

"पायाने नसेल मोडला," त्या म्हणाल्या. "पहिल्याच पडण्यात मोडला असेल. पण तेव्हा मज्जारज्जू शाबूत होता. तिथेच निजवून ठेवला असता, फळीवर बांधून आणला असता, तर बहुतेक चालला असता."

"मंग पायाचं काय चुकलं?"

कर्णिकबाईंना खोटं बोलणं जमत नसावं. "तुम्ही पाय लावलात म्हणून तो उठला," त्या म्हणाल्या.

मालूच्या काळजात ते वाक्य रुतलं ते कायमचं. आजवर ज्या गोष्टीसाठी लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, तीच तिचा गुन्हा ठरली. त्या दिवशी तिने मनाशी घेतलं की हा पाय आता कुणाच्या अंगाला लागायचा नाही.

आणि घरी आल्यावर पहिल्याच सकाळी, ओटीवर पालथा घातल्यावर, आनंदा म्हणाला, "वयनी, पाय लाव."

काय करणार होती ती? त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो त्या सामन्यात मिळालेली भिंतीवरची ढाल दाखवून सांगायचा, "वयनीच्या पायानं उठलो आन रेघ गाठली." एक दिवस तोच पाय आपल्याला पुन्हा उठवणार, असं तो म्हणायचा. त्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? पण पाय उचलेना. मग तिने वाकून त्या जागी तळहात ठेवला. छातीखाली त्याला काहीच कळत नव्हतं.

"लावलास?" त्याने विचारलं.

"लावला," ती म्हणाली.

असं आठ वर्षं चाललं. रोज सकाळी तो म्हणे पाय लाव, रोज ती हात ठेवी, रोज तो विचारी आणि रोज ती खोटं बोले.

बाहेर मात्र तिने जिभेचा पट्टा सोडला. वाडीत सामना असला की ही मैदानावर आधी हजर. ढेकळं फोडून घ्यायची. खेळाआधी तीन फेऱ्या धावून, मांड्या-पोटऱ्या ताणून अंग गरम केल्याशिवाय कुणाला रेघेत पाऊल टाकू द्यायची नाही. गुडघा सुजलेल्याला मनगट धरून घरी पाठवायची. पूर्वी ती लचकल्या पायाला लागलीच शेक द्यायची. आता दोन दिवस माठातल्या पाण्याची गार पट्टी, मग शेक. "आधी गार, मंग गरम," हे तिने साऱ्या वाडीकडून घोकून घेतलं. मैदानाच्या कडेला जुन्या दाराची फळी तिनेच आणून ठेवली. कुणी पाठीवर पडला की ती त्याच्यापाशी उभी राहून ओरडे, "हात लावाल तर हात मोडीन!" फळी आल्याशिवाय त्याला कुणी हलवायचा नाही. पाय लाव म्हणून कुणी आलं तर सरळ सांगायची, "पायाचा गुन गेला." पोरं म्हणायची, पायाळूबायनं पाय सोडला आणि जीभ धरली. हसत का होईना, ऐकायची. त्या आठ वर्षांत वाडीचा एकही गडी जायबंदी होऊन घरी बसला नाही. मालूला त्याचं सुख होत नसे. प्रत्येक धडधाकट गडी बघून तिला एकच वाटे, हे मला त्या माघाआधी कळलं असतं तर.

काशीराम सामने बघायलाही जात नसे. "लाव ना" म्हणाल्याचं तो कधी बोलला नाही. आनंदाची कूस बदलायला मात्र बोलवावं लागत नसे.

बासष्टच्या श्रावणात आनंदाला ताप धरला. मूत्रपिंडं बिघडली होती. अशा माणसाला शेवटी तेच नेतं, हे कर्णिकबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. अंगाला मात्र एकही जखम नव्हती. आठ वर्षं पडून राहिलेल्या माणसाची टाच मालूने लाल होऊ दिली नव्हती. डॉक्टर म्हणाले, आता थोडे दिवस. काशीराम परसात जाऊन रडला. मालूने नेहमीसारखा आनंदाला पालथा घातला.

"वयनी, पाय लाव."

तिने हात ठेवला.

"लावलास?"

"लावला."

मग आनंदा म्हणाला, "वयनी, आज तरी खरा लाव."

मालूचा हात तिथेच राहिला.

"आठ वरसं हात लावतेस," तो म्हणाला. रागावून नव्हे. पूर्वी भाकरी परत टाकायचा तसंच. "पैल्या दिवशीच समजलं."

"कसं? तुला तर तिथलं काय कलत नाय."

"पाय लावलास की पाया पडतेस. पोटात घाल म्हनतेस. साऱ्या गावाला म्हनायचीस. मला आठ वरसांत येकदा नाय म्हटलंस."

मालू त्याच्या बाजूला बसली. पाय लावला नव्हता, म्हणून माफी मागायची राहिली होती. एवढं मोठं खोटं तिने रोज रेटलं, पण ते लहानसं वाक्य खोटं म्हणणं तिच्या जिभेला जमलं नव्हतं, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"समजलं तर रोज कशाला म्हनायचास, लाव म्हनून?"

"म्हनायचं सोडलं असतं तर तुला वाटलं असतं, मी आशा सोडली."

मालू उठली. भिंतीला धरून तिने पाय उचलला. आठ वर्षांनी तिचा तळवा माणसाच्या अंगाला लागला. मानेखालून निघाला, एकेक मणका मोजत उतरला, आणि त्याच जागी थांबला. पायरी तिथेच होती, आता दगडासारखी घट्ट.

"आनंदा," ती म्हणाली, "त्या दिवशी माझ्या पायाला कललं व्हतं. मोडलंय हे कललं व्हतं. तरी मी लावला."

"म्हाईत हाय," तो गादीत तोंड खुपसून म्हणाला. "तुझा पाय थांबला व्हता. तवा पाठीला कलत व्हतं ना मला. पाय थांबला तवाच समजलो, काय तरी मोठं झालंय. माझ्या बोटांत मुंग्या बी व्हत्या. बोललो नाय. बोललो असतो तर तू लावला नसतास, आन मला तर रेघ गाठायची व्हती."

घरात दुसरं कुणी नव्हतं. मालूला रडू आवरेना, आणि तिने ते आवरलंही नाही. ती पायथ्याशी गेली. ज्या पावलांना रोज तेल लावलं, ज्यांचा एकेक सांधा आठ वर्षं फिरवला, त्या पावलांवर तिने कपाळ टेकलं.

"पाय लागला, आनंदा," ती म्हणाली. "पोटात घाल."

"घातला, वयनी. कवाच घातला."

तिला उठता येईना. बराच वेळ गेला. पालथ्या पडलेल्या माणसाला मागचं दिसत नाही, आणि त्याच्या पावलांना तिचं कपाळ कळत नव्हतं.

"वयनी," त्याने हाक मारली, "गेलीस का गो?"

"नाय," ती म्हणाली. "हितंच हाय."